विश्लेषण : जुने फर्निचर, नवी दिनचर्या… सिंधुदुर्गातील बंद घरांत दडलेला पर्याय किती फायद्याचा?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत कुलूपबंद घरांमध्ये सागवानी पलंग, फणसाच्या लाकडाची कपाटे, वेताच्या आरामखुर्च्या धूळ खात पडल्या आहेत. त्याच गावांतली नवे घर मांडणारी कुटुंबे मात्र मासिक हप्त्यांवर भुश्याच्या फळ्यांची कपाटे आणि गुबगुबीत सोफे घेत आहेत. जुने घेतले तर पैसे वाचतात, हे उघड आहे. पण जुन्या वस्तूंमुळे घरातली हवा आणि अंगाची हालचाल सुधारू शकते का? आणि कोणत्या परिस्थितीत त्याच वस्तूंपासून अपाय होतो?

जुन्या फर्निचरचा साठा सिंधुदुर्गातच एवढा का?

याचे उत्तर जिल्ह्याच्या लोकसंख्येत आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १०३६ होती. कमावते हात मुंबई, पुणे, गोव्यात गेल्याची ही खूण. चाकरमान्यांची घरे गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात आणि एरवी बंद असतात. घरातली वडीलधारी माणसे गेली की पलंग, पेटारे, फडताळे, बाकडी तशीच राहतात. चिऱ्याचे कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधायला घेतले की हे सामान एका दिवसात बाहेर काढावे लागते. त्या दिवशी दारात जो टेम्पोवाला उभा असेल, त्याच्या भावाने ते जाते.

मागणीही वाढली आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या पट्ट्यात घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांना जुन्या वळणाचे सामान हवे असते. ओरोस, कुडाळ, कणकवली येथे नोकरीसाठी येणाऱ्या आणि भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना स्वस्त आणि टिकाऊ सामान हवे असते. गावी परतलेल्या निवृत्तांना तर रिकाम्या घरात पुन्हा संसार मांडायचा असतो. अडचण इतकीच, की देणारा मुंबईत असतो, घेणारा शेजारच्या वाडीत असतो आणि दोघांची गाठ पडत नाही.

जुने लाकूड किनाऱ्यावरही का टिकते?

सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेत कायम दमटपणा आणि क्षार. अशा हवेत साग, फणस, शिसव ही लाकडे टिकतात, कारण त्यांच्या पक्व गाभ्यात नैसर्गिक तेले आणि रसायने असतात. ती वाळवीला आणि बुरशीला नकोशी वाटतात. म्हणून तर घराच्या दारांना, खिडक्यांना आणि देव्हाऱ्याला कोकणात फणसाचे पिवळे लाकूड वापरत आले. जुन्या सुतारांनी बरेच सांधे खिळ्याविना, खाचेत खाच बसवून केलेले असतात. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा असा सांधा थोडा हलतो, पण तुटत नाही. सैल झालाच तर सुतार तो उतरवून पुन्हा बसवू शकतो.

भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळीचे गणित वेगळे आहे. तिच्या कडेला लावलेली पट्टी सुटली की ओल आत शिरते, फळी फुगते आणि स्क्रूची पकड जाते. एकदा फुगलेली फळी पूर्ववत होत नाही. किनाऱ्यावर असे कपाट थेट जमिनीवर, ओलसर भिंतीला टेकून ठेवले तर त्याचे आयुष्य फार नसते. प्लायवूडमध्ये प्रती पुष्कळ आहेत. पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचे चांगले प्लाय वर्षानुवर्षे टिकते, स्वस्त प्लायचे पापुद्रे निघतात. ‘जुने ते सगळे चांगले, नवे ते सगळे वाईट’ असा नियम त्यामुळे करता येत नाही. फरक लाकडाच्या आणि जोडणीच्या प्रकारात आहे.

नव्या फर्निचरचा आणि आरोग्याचा संबंध काय?

भुश्याच्या फळ्या, मध्यम घनतेचे फायबर बोर्ड आणि बऱ्याच प्रकारचे प्लाय चिकटवण्यासाठी फॉर्मल्डिहाइड असलेला गोंद वापरतात. नवे कपाट उघडल्यावर डोळ्यांत चरचर होते, घशात खवखवते, ते बहुधा या वायूमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडचे वर्गीकरण माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केले. घरातल्या हवेत त्याचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

याचा अर्थ प्रत्येक नवे कपाट रोग आणते असा नाही. वायूचे प्रमाण फळीच्या दर्जावर, खोलीच्या आकारावर आणि वारा खेळतो की नाही यावर ठरते. उष्णता आणि दमटपणा वाढला की उत्सर्जन वाढते, आणि किनाऱ्यावर दोन्ही भरपूर. फळी नवी असताना उत्सर्जन सर्वाधिक असते, पुढे महिन्यांगणिक ते कमी होत जाते. इथे वापरलेल्या फर्निचरला साहजिक फायदा मिळतो. काही वर्षे वापरलेल्या कपाटातून बराचसा वायू आधीच निघून गेलेला असतो, तर घन लाकडाच्या जुन्या वस्तूत गोंदाचे प्रमाणच नगण्य असते. नवे घ्यायचेच असेल तर कमी उत्सर्जनाच्या ‘ई-वन’ किंवा ‘ई-झिरो’ प्रतीची फळी मागावी. मग ते फर्निचर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून हवेशीर खोलीत ठेवावे आणि तोवर तिथे लहान मुलांना झोपवू नये.

मग जुने फर्निचर निर्धोक म्हणायचे का?

नाही. जुन्या फर्निचरचा सर्वांत दुर्लक्षित धोका त्याच्या रंगात असतो. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात २०१६ मध्ये नियम झाले आणि दहा लाखाला ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या गडद रंगांत, शिसे असण्याची शक्यता मोठी. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते. याचा मोठा भाग जुन्या बॅटऱ्या, मसाले, भांडी अशा स्रोतांतून येतो. रंग हाही त्यातलाच एक. मुलाच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम भरून निघत नाही.

म्हणून आजोबांच्या काळचा रंगवलेला पाळणा हौसेने काढून, त्याला काचपेपर मारून बाळाला त्यात झोपवणे ही चांगल्या हेतूने केलेली घातक गोष्ट ठरू शकते. कोरडा काचपेपर मारला की शिशाची धूळ घरभर पसरते. पोपडे निघालेली रंगीत वस्तू मुलांच्या वापरासाठी घेऊच नये. मोठ्यांसाठी घेतली तर रंग ओला करून, घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून खरवडावा. त्या वेळी मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात. खरवड गोळा करून वेगळी बांधावी, परसात किंवा विहिरीजवळ टाकू नये. रंग न दिलेले, नुसते तेल किंवा पॉलिश लावलेले लाकूड या बाबतीत अधिक सुरक्षित.

दुसरा धोका ढेकणांचा. ढेकूण रोग पसरवत असल्याचे सिद्ध झालेले नाही, पण झोप आणि कातडी दोन्हींची वाट लावतात. खाण्यावाचून ते काही महिने जिवंत राहतात, त्यामुळे ‘खोली बंदच होती’ ही हमी पुरेशी नाही. तिसरा धोका बुरशीचा आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा. दमा असलेल्या घरात जुनी गादी, जुना स्पंजचा सोफा, जुना गालिचा आणूच नये. लाकूड पुसता येते, स्पंज आतून स्वच्छ करता येत नाही.

चौथा धोका बंद घराचाच. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरू शकतात. फळ्यांखाली आणि पेटाऱ्यांमागे विंचू, फुरसे दडलेले असू शकते. कोकणातील विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम जगभर मान्य झाले, ते इथल्या लोकांच्या याच रोजच्या अनुभवातून. सामान हलवताना बूट आणि जाड हातमोजे घालावेत. वस्तू आधी काठीने ठोकून हलवावी आणि मगच उचलावी. धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

घेण्याआधी नेमके काय तपासावे?

वस्तू दिवसाच्या उजेडात, अंगणात काढून पाहावी. उलटी करावी, कारण खरी गोष्ट खालच्या बाजूला दिसते. पायांच्या टोकाला आणि भिंतीकडच्या फळीला टोकदार वस्तूने हलके टोचावे. ती सहज आत गेली तर वाळवीने पोखरले आहे. टाचणीएवढी गोल छिद्रे आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा अजून जिवंत आहे. नुसती छिद्रे असून भुकटी नसेल तर कीड जुनी असू शकते. वस्तू कागदावर आठवडाभर ठेवून भुकटी पडते का पाहावे.

खुर्चीवर बसून डावी-उजवीकडे झुकावे. करकर चालते, डुगडुग दुरुस्त होते, पण तडा गेलेला पाय बदलावाच लागतो. ढेकणांसाठी सांधे, खाचा आणि वेताच्या विणीच्या कडा टॉर्चने पाहाव्यात. काळे ठिपके दिसले तर वस्तू घरात न आणता बाहेरच ठेवावी. सुमारे ५० अंश उष्णता सगळ्या भेगांपर्यंत दीड-दोन तास पोचली तर ढेकूण आणि अंडी मरतात. नुसत्या उन्हात ठेवल्याने सांध्यांच्या आत तेवढी उष्णता पोचेलच असे नाही. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कडक उन्हात ठेवणे आणि नंतर वाफ देणे असे दोन्ही करावे. जुनाट प्रादुर्भाव असेल तर सरळ नकार द्यावा.

वाळवी आणि भुंग्यासाठी बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावण बिनपॉलिशच्या लाकडात मुरते. ते विकत घेऊन वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरावे. काजूच्या टरफलांचे तेल कोकणात लाकडाला लावत आले आहेत. ते त्वचा भाजते, म्हणून हातमोज्यांशिवाय लावू नये आणि अंथरुणाच्या किंवा बसण्याच्या भागाला तर लावूच नये. पलंगाच्या पायांखाली चिऱ्याचा किंवा फरशीचा तुकडा ठेवावा आणि भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे. पावसाळ्यात लाकूड वाचवायला हे अंतर पॉलिशपेक्षा जास्त उपयोगी पडते. लोखंडी कपाट घेताना तळ आणि बिजागऱ्यांजवळचा गंज पाहावा. खारी हवा आतून खाते, वरचा नवा रंग ते लपवतो.

फर्निचरने दिनचर्या खरोखर बदलते का?

आपण दिवसभरात किती वेळा उठतो-बसतो, हे बरेचसे घरातल्या मांडणीवर ठरते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांत ते सुमारे ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. त्यात सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, सिंधुदुर्गला लागून असलेल्या गोव्याचे होते. आहार, हवामान, राहणी यांत गोवा आणि मालवणचा किनारा फार वेगळे नाहीत. तेव्हा हा आकडा शेजारघरचा म्हणून सोडून देता येत नाही.

मासे, कुळीथ, नाचणी, सोलकढी हा इथला आहार चांगलाच. पण शेत, वाडी, विहीर आणि होडीवरचे काम सुटले आणि ताटातला भात तेवढाच राहिला, तर साखर वाढणारच. त्यात घरातला सर्वांत मोठा सोफा टीव्हीसमोर आला की संध्याकाळचे चार तास तिथेच जातात.

बसण्याच्या पद्धतीबद्दल दोन अभ्यास उपयोगी आहेत. टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ते लोकही दिवसाला सुमारे दहा तास विसावलेले असतात, म्हणजे आपल्याइतकेच. पण त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे पायांचे स्नायू थोडेफार काम करत राहतात. दुसरा अभ्यास ब्राझीलचा, २०१२ चा. ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून कमीत कमी आधाराने उठायला सांगितले. ज्यांना आधार फार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते, असे याने सिद्ध होत नाही. पण जमिनीवरून उठता येणे ही पायांची ताकद, लवचीकता आणि तोल यांची साधी चाचणी आहे, एवढे नक्की दिसते. पाटावर बसून जेवणाऱ्या आणि विळीवर भाजी चिरणाऱ्या घरात ही चाचणी दिवसातून चार वेळा आपोआप होत असे.

मग खुर्च्या, पलंग टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, त्यांनी मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळावे, असाच सल्ला अस्थिरोगतज्ज्ञ देतात. दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या सांधेदुखीचा संबंध चीनमधील पाहणीतही दिसला आहे. वृद्धांसाठी हात टेकायला दांडे असलेली, कडक बैठकीची, पाय जमिनीला सपाट टेकतील एवढ्या उंचीची खुर्ची उत्तम. जुन्या सागवानी खुर्च्या बहुधा अशाच असतात. खोल, मऊ सोफ्यातून उठताना म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात लागतो. पसरट दांड्यांची आरामखुर्ची दुपारच्या डुलकीला ठीक, पण जेवायला किंवा लॅपटॉपवर काम करायला मुळीच नाही.

चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसांनी मात्र निदान एक जेवण जमिनीवर, पाटावर घ्यायला हरकत नाही. घर मांडताना आधी एक मोकळी जागा ठरवावी. सतरंजी अंथरून दोन माणसे सूर्यनमस्कार घालू शकतील एवढी. मग उरलेल्या जागेत फर्निचर बसवावे. सगळ्यात आरामशीर खुर्ची टीव्हीसमोर न ठेवता पडवीत ठेवावी, म्हणजे बसण्यासाठी निदान तिथवर चालत जावे लागेल. पाण्याचे पिंप हाताच्या अंतरावर नको. डायनिंग टेबल घ्यायचे असेल तर त्यावर फक्त जेवावे. तिथे मोबाइल आणि चिवड्याचा डबा राहिला की खाण्याला वेळ राहत नाही.

वापरलेल्या व्यायामाच्या यंत्रांबद्दल सावध राहावे. ट्रेडमिल स्वस्तात मिळते, कारण आधीच्या मालकाने ती वापरलेली नसते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तिची मोटर आणि पट्टा लवकर बिघडतो आणि दुरुस्तीसाठी माणूस मिळणे कठीण. त्याच पैशात जुनी सायकल आणि चालायचे चांगले बूट येतात. बूट मात्र नवे घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असा आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढे चालले तरी पहिला आकडा गाठता येतो. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सामान शोधायचे कुठे आणि व्यवहार कसा करायचा?

सर्वांत चांगला माल जाहिरातीत येण्याआधीच गावात हातोहात जातो. घर पाडणारे ठेकेदार, गावातले सुतार आणि कौले उतरवणारे मजूर यांना ‘कुठे काही निघाले तर सांगा’ असे सांगून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. गणपतीनंतरचे दिवस आणि मे महिना हे योग्य हंगाम, कारण तेव्हा मालक गावात असतात आणि घर उघडे असते. मुंबईतून आणायचे तर जोगेश्वरी-ओशिवराचा फर्निचर बाजार आणि चोर बाजार जुने, पण तिथल्या भावात टेम्पोचे भाडे मिळवून मग तुलना करावी. घडीचे किंवा सुटे होणारे सामान नसेल तर हिशेब बहुधा जुळत नाही.

बंद घरातली वस्तू घेताना सर्वांत नाजूक प्रश्न मालकीचा. घर सामाईक असते, भावकी मोठी असते. एका चुलत्याने विकलेला पलंग दुसऱ्याला आजीची आठवण वाटू शकतो. रक्कम छोटी असली तरी वाद मोठा होतो. म्हणून वस्तूंची यादी, फोटो, रक्कम आणि सर्व हिस्सेदारांचा होकार लिहून घ्यावा. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी दिलेला होकारही नंतर उपयोगी पडतो. देव्हारा, गणपतीचा चौरंग, पाट अशा वस्तूंना हात लावण्याआधी दोनदा विचारावे.

शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. जुन्या घराचे वासे, तुळया असे सुटे लाकूड वाहून नेण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी करावी. वाटेत टेम्पो अडला तर कागद लागतो. स्वतःच्या घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या सामान्य माणसाला जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत जुन्या मालाचा व्यापारी खरेदीवरील कराची वजावट घेत नसेल, तर त्याला खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो. त्यामुळे पूर्ण किमतीवर कर लावून बिल दिले तर कारण विचारावे.

मोबाइलवरच्या व्यवहारात एक नियम पक्का ठेवावा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘लष्करात आहे, बदली झाली, सामान स्वस्तात द्यायचे आहे, आधी गाडीभाडे पाठवा’ हा देशभर वापरलेला सापळा आहे. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नये. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

जिल्ह्यासाठी यात पणाला काय लागले आहे?

सिंधुदुर्गात चांगले लाकूड आता सहज मिळणारे नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, कारण तो वाघांच्या वाटेचा भाग आहे. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची असंख्य झाडे पाडली. जुन्या घरातला सागाचा पलंग म्हणजे आधीच तोडलेले झाड आहे. तो वापरात राहिला तर नवे तोडावे लागत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबानुसार तिथे २०१८ मध्ये १.२ कोटी टनांहून अधिक फर्निचर कचऱ्यात गेले आणि त्यातले ८० टक्के जमिनीत पुरले गेले. आपल्याकडे सागवान कचऱ्यात जात नाही, कारण भंगारवाल्याला त्याची किंमत कळते. ती मालकाला मात्र कळत नाही. जिल्ह्याबाहेर गेलेली तीच आरामखुर्ची पॉलिश होऊन पुन्हा इथल्या हॉटेलात अनेक पट भावाने येऊ शकते.

स्वीडनमधील एस्किल्स्टुना शहरात २०१५ पासून फक्त वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या वस्तूंचे बाजारसंकुल चालते. लोक नको असलेले सामान तिथे आणून देतात, कारागीर ते दुरुस्त करतात, दुकानदार विकतात. तेवढे मोठे काही इथे लगेच होणार नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी एक शेड, एक सुतार आणि मालक-ग्राहकांची नोंदवही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सावंतवाडीला लाखकामाची परंपरा आहे, कुडाळला बांबूपासून वस्तू बनवण्याचे केंद्र आहे. संपूर्ण बांबू किंवा वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तर लाकडी फर्निचरवर तो १८ टक्के आहे. जुने मिळाले नाही आणि फळीचे नको असेल, तर हा स्थानिक पर्याय आहे. बांबू मात्र कीडप्रतिबंधक प्रक्रिया केलेलाच घ्यावा.

या सगळ्यात दुरुस्ती करणाऱ्याचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. वेत विणणारे आणि खाचेचा सांधा बसवणारे हात गावोगाव कमी होत आहेत. ते काम मिळाले नाही, तर जुनी वस्तू घेऊनही उपयोग नाही. म्हणून जुना पलंग घेताना त्याच्या किमतीइतकीच दुरुस्तीची मजुरी धरून चालावे आणि ती घासाघीस न करता गावातल्या सुताराला द्यावी. तसे केले तर पलंग पुढच्या पिढीपर्यंत टिकतो आणि तो दुरुस्त करणारा माणूसही गावात टिकून राहतो.